दुसऱ्याच्या घरचा बोल्ट

आचारसंहिता लागली की गावात पुढाऱ्यांच्या आधी ती आमच्या बंदुकीला लागते. लोकसभा असो, विधानसभा असो, ठाण्यातून निरोप येतो आणि परवान्याची बंदूक नेऊन जमा करावी लागते. निकाल लागला, गुलाल धुतला गेला, की ती परत आणायची. मतदानाचा कंटाळा करणारी माणसं आमच्या गावात पुष्कळ आहेत, पण आमच्या रायफलीनं आजवर एकही निवडणूक चुकवलेली नाही.

वाशीम जिल्ह्यातलं एक खेडं, एवढं पुरे. गावाचं नाव मी सांगणार नाही आणि ठाण्याचंही नाही. सांगितलं तर चौकशी पुन्हा आमचीच होईल, हे मला आता पक्कं कळून चुकलं आहे.

रायफल माझ्या आजोबांनी घेतली होती, जंगलखात्यातून निवृत्त होणाऱ्या एका साहेबाकडून. विलायती, लांब नळीची, शिकारीची. आजोबांनी तिनं शिकार केली, हे मी लपवत नाही. तेव्हा ते चालत होतं. पुढे शिकारबंदी आली आणि बाबांच्या हाती ती फक्त पीक राखायला उरली. बाबांनी तिनं एकही जनावर मारलेलं नाही. हरभऱ्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप उतरला की बांधावर उभं राहून आभाळात एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. रोही पळत सुटायची आणि चार-आठ दिवस आमच्या शेताकडे फिरकायची नाहीत. ज्यांनी सकाळी उठून तुडवलेला हरभरा पाहिला नाही त्यांनी मला हिंसेवर दोन शब्द ऐकवू नयेत. शहरातले पाहुणे ते आवर्जून ऐकवतात, आणि जेवताना भाजी आवडीनं खातात.

बाबा आता चौऱ्यांशीचे आहेत. त्यांनी आयुष्यभर गावाची पोलीसपाटीलकी केली. बांधावरून झालेली डोकेफोड असो की विहिरीत पडलेलं माणूस असो, त्याचा कागद बाबांच्या हातचा ठाण्यात जायचा. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. एकदा आमच्याच चुलत्याच्या विरोधात लिहिलं, म्हणून दोन दिवाळ्या तो आमच्या ओट्यावर चढला नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. ठाण्यातला कागद खोटा नसावा, एवढी एकच गोष्ट त्यांनी देवासारखी जपली.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न गावातल्या गावात झालं, त्यामुळे त्यांची शेती मीच पाहते. परवाना आपल्या डोळ्यांदेखत माझ्या नावावर व्हावा, असं त्यांनी मनात घेतलं. वारसाच्या नावावर तो करता येतो, फक्त बंदूक चालू स्थितीत दाखवावी लागते आणि तिचे नंबर जुळावे लागतात. एक-दोन नातेवाईक म्हणाले, बाईच्या नावानं कायले बंदूक? बाबा म्हणाले, "रोह्याले काय समजते, बार बाईनं काढला का माणसानं?"

तपासणीची तारीख नेमकी रामनवमीच्या आठवड्यात आली. त्या आठवड्यात पोहरादेवीच्या यात्रेला माणसांचा पूर लोटतो आणि जिल्हाभरचे पोलीस बंदोबस्ताला तिकडे जातात. तारीख बेमुदत पुढे गेली. मी म्हटलं, वेळ मिळालाच आहे तर रायफल जरा साफ करून ठेवू. विधानसभेनंतर बाबांनी ती ठाण्यातून आणली होती आणि तशीच जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. मी ती काढली, पुसली आणि बोल्ट बसवायला गेले, तर तो निम्म्यावर जाऊन अडला.

बोल्ट म्हणजे नळीच्या मागे सरकणारा लोखंडी दांडा, बाजूला मूठ असलेला. तो मागे ओढून पुढे ढकलला की काडतूस नळीत बसतं. तो काढून वेगळा ठेवता येतो, आणि तो नसला तर रायफल म्हणजे नुसती नळी. आमचा बोल्ट लोण्यासारखा सरकायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आता तो जोर लावूनही पुढे जाईना.

बाबांनी हातात घेऊन पाहिला. "गंजला असन," ते म्हणाले. "त्या खोलीत ओल राह्यते."

ती खोली म्हणजे ठाण्याची, जिथे जमा केलेल्या बंदुका ठेवतात. आम्ही बोल्ट तीन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवला. काहीही फरक पडला नाही. मग आम्ही दोघांनी ठरवलं, की बोल्ट खराब झाला आणि नवा शोधायला पाहिजे. इथे माझी पहिली चूक झाली. आपल्या घरातून गेलेली वस्तूच आपल्या घरात परत आली, हे मी धरून चालले होते. पोलीसपाटलाच्या घरात वाढलेली मुलगी दुसरं काय धरणार?

रायफल बनवणारी कंपनी कधीच बुडाली आहे. हे मला अमरावतीच्या दुकानदारानं सांगितलं, आणि असं सांगितलं जणू ती आम्हीच बुडवली. बाबा, मी आणि परवाना असे तिघं एसटीनं तिथवर गेलो होतो. त्यानं बोल्ट हातात घेतला, दोनदा उलटा-पालटा केला आणि म्हणाला, "हा माल आता कुठेच मिळत नाही, आजोबा. दिवाणखान्यात लावा, शोभा येईल. नाहीतर मला देऊन टाका." भाव त्यानं भंगाराचा सांगितला. दुसऱ्या शहरातल्या एकानं फोनवरच निकाल दिला, जुनी जमा करा आणि नवी देशी घ्या. या वयात बंदूक कशाला हवी, असंही त्यानं वर विचारलं. बाबांचं वय त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. जुन्या बंदुकीचा मालक म्हातारा आणि म्हाताऱ्याला काही समजत नाही, असा यांचा हिशेब पक्का असतो.

मला राग येतो तो याच गोष्टीचा. माझ्या मिक्सरचं झाकण फुटलं तेव्हाही दुकानदार हेच म्हणाला होता, मॉडेल बंद झालं, नवा घ्या. मोटर ठणठणीत, पाती ठणठणीत, आणि एका झाकणासाठी अख्खा मिक्सर फेकायचा. आजोबांच्या वेळेपासून बिनतक्रार चाललेली वस्तू एका दांड्यासाठी भिंतीला टांगायची. वस्तू बंद पडत नाहीत, या लोकांना त्या दुरुस्त करण्याचा आळस येतो, आणि त्या आळसाला त्यांनी "मॉडेल बंद" असं नाव दिलं आहे.

मी इंटरनेटवरही शोधलं. परदेशातल्या एका विक्रेत्याकडे हुबेहूब तसाच बोल्ट होता, मखमलीवर ठेवून त्याचा फोटो काढलेला. मला हर्ष झाला. मग खालची ओळ वाचली, देशाबाहेर पाठवत नाही. समजा पाठवला असता, तरी तो आणायला इकडे वेगळी परवानगी लागते. ती कोण देतं, हे विचारायला मी जिल्ह्याच्या गावी तीन टेबलं फिरले. पहिल्यानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि तिसरा जेवायला गेला होता तो आलाच नाही. त्यात उन्हाळा गेला, पेरणी झाली, सोयाबीन फुलावर आलं.

शेवटी कोणीतरी कारंज्याच्या बंदूक-मिस्त्रीचं सांगितलं. एका बोळातलं लहानसं दुकान, दारावर परवान्याची पिवळी पडलेली चौकट. मिस्त्रीचे वडीलही हेच काम करायचे. म्हातारा बाबांच्याच वयाचा होता. त्यानं बाबांना आधी स्टुलावर बसवलं, चहा सांगितला, मग चष्मा पुसला आणि बोल्टाच्या मुठीखालची जागा फडक्यानं घासली. तिथे बारीक आकडे होते. मग त्यानं रायफलीच्या नळीवरचे आकडे पाहिले.

"बाई," तो म्हणाला, "हा बोल्ट तुमच्या बंदुकीचा नोय."

मी म्हटलं, "चाचा, आमच्या घरातूनच आणला."

"घरातून आणला असन. पण घरचा नोय. नंबर पाहा. बंदुकीचा एक, याचा दुसराच. हा कोण्या दुसऱ्याच्या रायफलीचा हाये. जमा केली तवा ठाण्यात बोल्ट काढून ठेवले असन, अन् देताना अदलाबदल झाली."

मी आकडे वाचले. अमरावतीच्या माणसानं ते वाचले नव्हते आणि फोनवरच्या माणसानं विचारले नव्हते. मीही वाचले नव्हते, आणि मी तर शिकलेली. दुसऱ्याच्या लोखंडाला आम्ही डिझेलची आंघोळ घातली आणि सहा महिने ते घेऊन वणवण फिरलो. दुसऱ्याचा भाग बाळगला म्हणून कायद्यानं गुन्हेगारही आम्हीच. रामनवमी आडवी आली नसती, तर तपासणीच्या टेबलापुढे बाबांना उभं करून विचारलं असतं की हा बोल्ट कोणाचा चोरला. बाबांनी चहा अर्धा ठेवला.

मी मिस्त्रीला म्हटलं, एक नवा घडवून द्या. त्यानं मान हलवली. "कमान बदलीन, लाकडाचा कुंदा पॉलिश करीन. बोल्ट घडवणं माह्या लायसनात बसत नाई. अन् कायले घडवता? तुमचा बोल्ट मेला नाई. ज्याचा हा हाये, त्याच्या घरी तुमचा असन." मग त्यानं मूठ पुन्हा निरखली. मुठीवर पितळेचा एक टाका होता, काळवंडून लोखंडासारखा झालेला. तो टाका त्याच्या वडिलांच्या हातचा होता. त्यानं इंझोरीच्या पलीकडल्या, आमच्याच ठाण्याखालच्या एका गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, तिथल्या एका घरी ही रायफल असायची, आता आहे की नाही माहीत नाही.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. मी आणि बाबा ऑटोनं त्या गावी गेलो. घर सापडलं. मालक वारले होते, परवाना त्यांच्या बायकोच्या नावावर होता. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, कपाळ मोकळं, हात शेणाचे. मी सगळं सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "आमचा बोल्ट तं देव्हाऱ्यात हाये."

खरंच देव्हाऱ्यात होता. तिच्या सासऱ्यानं घालून दिलेला नियम, बंदूक आणि बोल्ट कधी एका खोलीत ठेवायचे नाहीत. रागाच्या भरात कोणाचा हात जाऊ नये म्हणून. बंदूक पुढल्या खोलीत खुंटीला, बोल्ट देवाजवळ. दसऱ्याला दोन्ही पाटावर शेजारी मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, आपट्याची पानं ठेवायची आणि पुन्हा आपापल्या जागी नेऊन ठेवायचे. एकमेकांत बसवून पाहायचं काम त्या घरात कोणी कधी केलंच नव्हतं. आमचा बोल्ट तिथे लंगड्या बाळकृष्णाच्या मागे उभा होता, मुठीवर दसऱ्याचं कुंकू, आणि त्यावर आमचाच नंबर. आमच्या घरात कधी एवढा मान त्याला मिळाला नव्हता.

तिचा बोल्ट माझ्या पिशवीत होता. मी तो काढला आणि म्हटलं, "घ्या काकू, तुमचा तुमाले, आमचा आमाले. विषय मिटला." तिनंही हात पुढे केला. पाच मिनिटांचं काम होतं. कोणाला कळलं नसतं आणि कोणाचं काही बिघडलं नसतं.

बाबांनी माझं मनगट धरलं. "असं नाई, माय. बंदुकीचा भाग असा हातोहात द्याचा नसते. ठाण्यातून गेला, ठाण्यातूनच याले पायजे. रीतसर."

मी चिडले. म्हटलं, "त्याईनं बदलला तवा रीतसर बदलला का?"

"त्याईचं त्याईच्यापाशी," बाबा म्हणाले. "आपलं आपण बरोबर करू."

आणि मी ऐकलं. त्या दिवशी ऐकायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

ठरलेल्या दिवशी दोन्ही रायफली आणि दोन्ही बोल्ट घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. त्या काकू आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. बंदुकांचं काम पाहणाऱ्या हवालदारानं आमचं ऐकून घेतलं. नंबर पाहिले. त्याला सगळं लगेच कळलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. तो उठून आत गेला, साहेबांशी बोलला आणि टाइप केलेला कागद घेऊन आला. म्हणाला, "दोघंही सही करा, अन् आपापला बोल्ट घेऊन जा."

कागदावर लिहिलं होतं, की बंदूक जमा करण्याच्या दिवशी आम्ही दोन्ही परवानाधारक ठाण्याच्या बाकावर शेजारी बसलो होतो, आम्ही स्वतःच बोल्ट काढले आणि आमच्या हातून नजरचुकीनं त्यांची अदलाबदल झाली. यात ठाण्याचा कोणताही दोष नाही.

मी म्हटलं, "या काकूले बाबांनी पह्यल्यांदा पाह्यलं ते दसऱ्यानंतर."

"कागदावर चालते तसं," हवालदार म्हणाला.

"अन् खरं लिहिलं तं?"

"खरं लिहा ना. कोण नाई म्हणते? मग चौकशी लागन. दोन्ही बंदुका चौकशी संपतवरी इथंच राहीन."

"चौकशी किती दिवसाची?"

"थे काई सांगता येत नाई."

बाबांकडे पावत्या होत्या. बिस्किटाच्या डब्यात प्रत्येक निवडणुकीची पावती त्यांनी जपून ठेवली होती, तो डबा त्यांनी सोबत आणला होता. त्यांनी ती विधानसभेची पावती काढून पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं, रायफल, एक नग. बोल्टाचा नंबर तिच्यावर नव्हता. कोणत्याच पावतीवर नव्हता. बाबांनी कधी मागितलाच नव्हता, कारण हे ठाणं त्यांचं होतं. इतकी वर्षं त्यांच्या हातचे कागद तिथे खरे म्हणून ठेवून घेतले गेले होते.

काकूंनी सही केली. म्हणाल्या, "माहं काय जाते? देवाले माहीत हाये." मला त्यांचा राग आला नाही. त्यांना घरी जाऊन म्हैस दोहायची होती.

बाबांनी कागद भिंगातून तीन वेळा वाचला. मी म्हटलं, "बाबा, नका करू सही. राहू द्या बंदूक इथं. मले नाई पायजे." मी हे जोरात म्हटलं, हवालदाराला ऐकू जावं म्हणून. पण माझ्या मनात बंदूक होती, आणि बाबांना ते दिसत होतं. चौऱ्यांशीव्या वर्षी चौकशी संपण्याची वाट कोण पाहणार, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी सही केली. गावकीच्या कागदावर करायचे तशीच, सावकाश, पूर्ण नाव, खाली तारीख. मग पेनाला टोपण लावून ते हवालदाराच्या हातात परत दिलं.

हवालदार म्हणाला, "म्हातारपणी होते असं, काका. मनावर घेऊ नका." आणि मी त्याला तिथल्या तिथे काही बोलले नाही, याची मला आजही लाज वाटते. बोल्ट मिळत होता म्हणून मी तोंड मिटून बसले.

घरी आल्यावर बाबांनी आमचा बोल्ट पुसला, कुंकू काढलं, दोन थेंब तेल लावलं. तो एका बोटानं सरकला. बाबा म्हणाले, "झालं तुहं काम." माझं काम, असं ते म्हणाले. नंतर जेवायला बसले आणि भाकरी अर्धी ठेवून उठले.

तपासणी दोन मिनिटांत झाली. परवाना माझ्या नावावर झाला. त्याच्या फाइलीत सगळ्यात वर तो कागद लावलेला आहे. ज्या माणसानं चुलत्याला वाचवायला एक ओळ खोटी लिहिली नाही, त्याच्या सहीचा एकमेव खोटा कागद माझ्या परवान्याला जोडलेला आहे. परवाना काढून पाहायची वेळ आली की माझा संताप होतो. कोणावर करावा ते कळत नाही, म्हणून त्यातला थोडा मी स्वतःवर करते.

पुढे जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली. ठाण्याचा निरोप आला. मी बाबांना विचारलं, येता का? एवढ्या वर्षांत जमा करायला ते स्वतः गेले नाहीत असं कधी झालं नव्हतं. ते म्हणाले, "तू जाय, माय. माह्यानं नाई होत आता." त्याच सकाळी ते तुरीच्या शेतापर्यंत चालत जाऊन आले होते.

ठाण्यात तोच हवालदार होता. त्यानं रायफल घेतली, पावती फाडली, पुढे केली. रायफल, एक नग. मी पावती परत सरकवली आणि म्हटलं, बोल्टाचा नंबर लिहा. तो म्हणाला, तशी पद्धत नाही. मी म्हटलं, लिहा. मागे सहा-सात जण आपापल्या बंदुका घेऊन उभे होते आणि सगळे ऐकत होते. त्यानं पेन खाली ठेवलं.

"काहून बाई," तो म्हणाला, "तुमचा आमच्यावर भरोसा नाई का?"

मी म्हटलं, "माह्या बाबाचा होता."

त्यानं पेन उचललं आणि नंबर लिहिला.